३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात उपचार वेळेवर आणि नीट मिळतात का, हे कसं मोजायचं?

तुम्ही रुग्ण कल्याण समितीवर आहात आणि ओपीडीत लोक किती वेळ थांबतात ते मोजलं तर पुरेल का, असं विचारलंय. नाही पुरणार. खोकल्याच्या रांगेत तासभर गेला तर माणूस वैतागतो. घोणस चावलेल्याचा तोच तास जिवावर बेततो. विदर्भातल्या दवाखान्यासाठी मी चारच गोष्टी धरेन: सर्पदंश, फवारणीची विषबाधा, छातीत दुखणं आणि बाळंतपण.

प्रत्येक रुग्णाच्या पाच वेळा नोंदवा: दारातून आत आला, तपासलं, मुख्य औषध सुरू झालं, १०८ ला फोन केला, गाडी निघाली. आत आल्याची वेळ केसपेपरवरून घेऊ नका. तातडीच्या रुग्णाचा पेपर नातेवाईक मागाहून काढतात, त्यामुळे उशीर कागदावर दिसतच नाही. दारापाशी वही ठेवा. भिंतीवरचं घड्याळ आणि ईसीजी मशीनचं घड्याळ दर महिन्याला मोबाईलशी जुळवा. वहीतल्या सगळ्याच वेळा १०:००, १०:१५, १०:३० अशा गोल दिसल्या, तर त्या शिफ्ट संपताना आठवून भरल्यात असं समजा.

सर्पदंशात चुका पुष्कळ होतात, म्हणून तो नीट बघा. 'आल्यापासून अर्ध्या तासात लस' (म्हणजे सापाच्या विषावरचं औषध) असं उद्दिष्ट ठेवू नका; विष न चढलेल्यालाही सिस्टर-डॉक्टर लस देऊन मोकळे होतील, आणि त्या लसीची रिॲक्शन गंभीर असू शकते. विषाची लक्षणं दिसल्यापासून किंवा रक्त गोठत नाही (घोणसच्या विषाने असं होतं) हे कळल्यापासून लसीची पहिली कुपी सुरू होईपर्यंतचा वेळ मोजा. रक्ताची चाचणी कशी होते ते उभं राहून पाहा: कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत शिरेतलं २ मिली रक्त, २० मिनिटं अजिबात न हलवता, मग एकदाच तिरपी करायची. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर ठीकठाक रक्तही गोठत नाही आणि लस विनाकारण जाते. सुरुवातीला सहसा १० कुप्या, लहान मुलालाही तेवढ्याच. रक्त गोठत नसेल तर ६ तासांनी पुन्हा चाचणी. ही दुसरी चाचणी केसपेपरवर आहे का, एवढं एक बघितलं तरी वॉर्डाची निगराणी कळते. मण्यारच्या दंशात मात्र रक्त गोठतं. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन येतो, अंगावर खूण नसते, आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवला जातो. म्हणून पावसाळ्यात पहाटेच्या पोटदुखीचे पेपरही काढून बघा, पापण्या जड झाल्याची (मण्यारच्या विषाचं लक्षण) तपासणी लिहिली आहे का.

फवारणीच्या रुग्णात ॲट्रोपिनचा (विषबाधेवरच्या इंजेक्शनचा) पहिला डोस किती वाजता, यावर थांबू नका. डोस दर ५ मिनिटांनी दुप्पट करत छाती मोकळी व्हायला किती वेळ लागला, ते मोजा. छातीत दुखत असेल तर १० मिनिटांत ईसीजी. बाळ जन्मल्यावर मिनिटभरात आईला रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन १० युनिट.

आकडे थोडेच येतील, त्यामुळे टक्केवारी काढू नका. महिन्यात ५ रुग्ण असतील तर एकामुळे २० टक्के हलतात. '५ पैकी ४' असंच लिहा, सरासरीऐवजी मधला आकडा घ्या आणि सर्वांत उशीर झालेल्या रुग्णाचा पेपर बैठकीत पूर्ण वाचा. सिस्टर, डॉक्टरांची नावं झाकून. नाहीतर पुढच्या महिन्यापासून वही फार सुंदर भरली जाईल.

यवतमाळला, सेवाग्रामला मोठ्या रुग्णालयात पाठवलेले रुग्ण हिशेबातून वगळू नका. सगळ्यांना रेफर केलं की दवाखान्यातले मृत्यू आपोआप घटतात, याला सुधारणा म्हणत नाहीत. रेफरचा निर्णय, १०८ ला फोन आणि गाडी निघणं यांतलं अंतर वेगवेगळं मोजा. पुष्कळदा रेफर चिठ्ठी लिहून झाल्यावर फोन जातो, तो आधी लावला तर तेवढा वेळ लगेच वाचतो. आणि सातव्या दिवशी नातेवाइकांना फोन करून रुग्ण कसा आहे ते त्याच ओळीत लिहा.