ट्रेलर जोडण्याआधी, भाऊ

इलेक्ट्रिक गाडीला ट्रेलर लावून कन्नडचा घाट चढायची तुला धास्ती वाटतेय, पण बॅटरी खरी वाऱ्यात जाते. हिशेब बघ. 1 टन वजन 300 मीटर वर न्यायला जेमतेम 0.8 युनिट वीज लागते. गाडी, ट्रेलर, माल मिळून 3 टन धर, मोटरची गळती धर, तरी 3 युनिटच्या आसपास. त्यातलं थोडं उतरताना परतही मिळतं. वाऱ्यात गेलेलं मात्र परत येत नाही, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो.

पहिल्याच खेपेला मी केळीचे घड भरून धुळ्याला निघालो. ताडपत्रीचं एक टोक सुटलेलं, मागे फडफड चालू, आणि मी आपला नव्वदवर. पारोळ्याच्या अलीकडेच बॅटरीचे टक्के निम्म्यावर! दोरी आवळली, साठ-पासष्टवर आलो, तेव्हा कुठे पोहोचलो. अमेरिकेतल्या फोर्ड एफ-150 लायटनिंग या इलेक्ट्रिक पिकअपचीही उंच ट्रेलर लावला की रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जायचं अंतर, साधारण निम्मी होते, मग आपलं काय!

रेंज एक्स्टेंडरवाली, म्हणजे बॅटरी भरायला इंधनावरचा छोटा जनरेटर असलेली गाडी घेणार असशील तर लक्षात ठेव, जनरेटर चढावर लागणारी सगळी ताकद देत नाही, उरलेली ताकद बॅटरीच देते. चाळीसगावातून रिकाम्या बॅटरीने घाटाला लागू नको, गाडी मध्येच मंदावेल.

ओढायची मर्यादा गाडीच्या पुस्तकात बघ. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना ट्रेलर ओढायची परवानगीच नसते. आणि चार्जरवर बहुतेक वेळा ट्रेलर सोडावा लागतो, तेव्हा चाकाखाली लावायला दोन दगड सोबत ठेव.