संगीतपटांच्या उतरत्या काळातला एक प्रेमपट आणि टेलिफोनवरची बाई

प्रश्न असा आहे: "हॉलीवूडच्या संगीतपटांची सद्दी संपत आली होती त्या काळातला, फारसा कुणाला ठाऊक नसलेला एखादा रोमँटिक संगीतपट सुचवा. नुसतं नाव नको, का पाहावा तेही सांगा."

माझं उत्तर: 'बेल्स आर रिंगिंग', १९६०. दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली, निर्माता आर्थर फ्रीड, कंपनी एमजीएम. नायिका ज्यूडी हॉलिडे, नायक डीन मार्टिन.

निवड पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकते. ह्या सिनेमाची नायिका टेलिफोन ऑपरेटर आहे, आणि माझी उमेदीची वर्षं मडगावला ट्रंक बोर्डवर, म्हणजे बाहेरगावचे फोन जोडून देण्यात गेली. पण तेवढ्यासाठी कुणी दोन तासांचा सिनेमा पाहा म्हणून सांगत नाही. पुढे वाचा.

आधी गोष्ट. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये फोनला उत्तर देणाऱ्या एजन्सी होत्या. ज्याला सेक्रेटरी परवडत नाही असा डॉक्टर, नट, लेखक दरमहा पैसे भरायचा. तो घरी नसला की त्याचा फोन एजन्सीच्या बोर्डावर वाजायचा आणि तिथली बाई निरोप लिहून घ्यायची. एला पीटरसन अशाच एका एजन्सीत आहे. एजन्सी कसली, जुन्या घराचं तळघर, तीन बायका आणि एक बोर्ड. एलाला निरोप नुसता लिहून ठेवणं जमत नाही. ती त्यात गुंतते. एका घरचं पोर पालक खात नाही, तर ही फोनवर सांताक्लॉज होऊन त्याला दटावते. फ्रेंच हॉटेलचा फोन वाजला की हिचे उच्चार फ्रेंच. आणि जेफ्री मॉस नावाच्या नाटककाराशी ती बोलते म्हाताऱ्या आईच्या आवाजात. सकाळी त्याला उठवायचं, औषधाची आठवण करायची, लिहायला बस म्हणून रागवायचं. तो तिला 'मॉम' म्हणतो. त्याच्या डोळ्यांपुढे साठीची बाई. आणि ही इकडे त्याच्यावर जीव टाकून बसलेली.

मग एक दिवस तो फोन उचलत नाही आणि ती थेट त्याच्या घरी जाऊन थडकते. खरं नाव सांगायची सोय नाही, म्हणून मेलिसांद असं भलतंच काहीतरी सांगते. पुढचं सांगत नाही.

आता माझ्या धंद्याचं थोडं. एसटीडी, म्हणजे बाहेरगावी थेट फोन लावायची सोय, घरोघरी यायच्या आधी मुंबईला बोलायचं तर कॉल बुक करावा लागे. आम्ही तिकिटावर लिहायचो: ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग, पीपी, म्हणजे ठरावीक माणसालाच बोलवायचं असेल तर त्याचं नाव. लाइन मिळाली की कॉर्ड लावायची, तीन मिनिटं झाली की मध्ये शिरून "तीन मिनिटं झाली, वाढवायचं?" म्हणून विचारायचं. ऐकायचं नाही हा नियम. पण बोलणं चालू आहे की संपलं हे कळायला बोर्डावरची कळ दाबावीच लागे, आणि कान काही मिटता येत नाहीत. बोटीवर असलेल्या नवऱ्याचा फोन मुंबईहून आला की बायको पहिलं मिनिट नुसतं "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय ना?" मध्ये घालवायची. कुणाच्या घरी काय चाललंय ते आम्हाला आवाजावरून कळायचं. मग कधी बाजारात मासळी घेताना शेजारच्या बाईचा आवाज कानावर पडायचा आणि ओळख पटायची: अगं बाई, ही ती! तिला मात्र आपण कोण ते ठाऊक नाही, आणि सांगायचंही नाही.

एलाची सगळी पंचाईत हीच आहे. तिला त्या माणसाचं सगळं ठाऊक: तो काय लिहितोय, का अडलाय, कशाला घाबरतो. हे ठाऊक असल्याचं कळू दिलं तर खेळ खलास. बरं, तो प्रेमात पडतो ते मेलिसांदच्या. एला नावाची बाई त्याच्या हिशेबी जगातच नाही. प्रेमपटात वेष पालटण्याची युक्ती जुनीच आहे, आपल्या नाटकांत तर ती ढिगानं सापडेल. पण इथे वेष अंगावर नाही, आवाजात आहे. म्हणून ह्या सिनेमाला डोळ्यांपेक्षा कानांनी पाहावं लागतं.

ह्या भूमिकेत ज्यूडी हॉलिडेच का, त्यालाही कारण आहे. तरुणपणी ती ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटर ह्या नाटक कंपनीत स्विचबोर्डवर काम करायची. नंतर बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन ह्यांच्याबरोबर तिने नाइटक्लबमध्ये विनोदी गाणी-नकलांचे कार्यक्रम केले. त्याच दोघांनी पुढे 'बेल्स आर रिंगिंग'चं नाटक तिच्यासाठी लिहिलं. संगीत ज्यूल स्टाइनचं. १९५६ च्या नोव्हेंबरात ते ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलं आणि ९२४ प्रयोग झाले. १९५७ साली संगीत नाटकातल्या अभिनेत्रीचं टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं मानाचं पारितोषिक, हिला मिळालं. स्पर्धेत 'माय फेअर लेडी'मधली ज्यूली अँड्र्यूज होती, म्हणजे काय ते समजा. सिनेमाचं ऑस्करही तिच्याकडे आधीच होतं, 'बॉर्न यस्टर्डे'साठी. सिनेमाची पटकथाही कॉम्डेन-ग्रीननीच लिहिली.

गाण्यांबद्दल. 'जस्ट इन टाइम' तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. जॅझ गाणाऱ्यांनी ते सोडलेलंच नाही. त्याची गंमत अशी की सुरुवातीला चाल दोन अगदी शेजारच्या सुरांवर झुलत राहते, कुठे जायची घाईच नाही. डीन मार्टिनच्या आळसावलेल्या गळ्याला ते इतकं फिट्ट बसतं की बाकीच्या सिनेमात त्याने विशेष काही केलं नाही तरी माफ. दोघं बागेत नाचतात, भोवती बघे जमतात, आणि हॉलिडे अशी नाचते की हिला येतं की नाही अशी शंका यावी. येत असतं. न येणाऱ्या बाईचं काम ती करत असते.

पण माझं गाणं 'द पार्टीज ओव्हर'. त्याच्या आधी बड्या लोकांची पार्टी आहे. प्रत्येक जण बोलता बोलता कुणा ना कुणा मोठ्या माणसाचं नाव टाकतोय, आणि लाल गाऊन घातलेल्या एलाला एकही नाव सुचत नाही. शेवटी ती कुत्र्याचं नाव घेते, सिनेमातल्या रिन टिन टिनचं. हसून हसून पुरेवाट होते. आणि त्या हसण्याच्या पाठोपाठ हे गाणं येतं. तिचा आवाज काही तालमीत घोटलेला नाही. वरच्या सुराला तो जरा पातळ पडतो. ती गाण्यात बोलते, बोलण्यात गाते, आणि कुठे एक संपलं, दुसरं सुरू झालं ते सापडत नाही.

इथे गोव्यातल्या वाचकांना वेगळं समजवायला नको. जत्रेला रात्रभर संगीत नाटक पाहिलेला माणूस "हे मध्येच गायला का लागले?" असं विचारत नाही. ऑर्गनवाला सूर देतो, नट दोन पावलं पुढे येतो, गद्याचं पद्य होतं, झालं. पदात अभिनय आहे की नुसतीच गायकी, एवढंच तो बघतो. नुसती गायकी असली तरी 'वन्स मोअर' देतो, पण घरी जाताना बोलतो. हॉलिडेला त्या प्रेक्षकाने पसंत केलं असतं असं मला वाटतं.

संगीतपटांचा काळ संपत आला होता, म्हणजे नक्की काय झालं होतं? १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि मोठ्या स्टुडिओंना आपापली थिएटरं सोडावी लागली. तोवर सिनेमा काढला की चालवायला जागा हक्काची होती. वर्षभर पगारावर ठेवलेला वाद्यवृंद, नर्तक, शिंपी हा सगळा बारदाना त्याच जोरावर चालायचा. मग घरात टीव्ही आला, तरुण पोरांना रॉक अँड रोल लागला. फ्रीडने १९५२ मध्ये 'सिंगिंग इन द रेन' काढला, १९५८ मध्ये मिनेलीबरोबर 'जीजी', त्याला नऊ ऑस्कर. आणि त्यानंतर दोन वर्षांनी हा, त्याच्या हातचा शेवटचा संगीतपट. १९६५ मध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक' तुफान चालला म्हणून सगळ्यांना वाटलं दिवस परत आले, आणि 'डॉक्टर डूलिटल', 'स्टार!' असल्या अवाढव्य सिनेमांवर पैसे ओतून स्टुडिओ खड्ड्यात गेले. तो खरा शेवट. 'बेल्स आर रिंगिंग' त्याच्या अलीकडचा आहे: थाट अजून आहे, पण घरातली माणसं कमी झाल्यासारखी वाटतात.

आपल्याकडे हेच तीसएक वर्षं आधी होऊन गेलं होतं, फक्त तिथे मारणारा सिनेमा होता. बोलपट आला आणि मंगेशीच्या दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीसारखी कंपनीसुद्धा तगली नाही. गळा उत्तम होता, प्रेक्षकांचं प्रेम होतं, खर्च भागेना. आणि पुन्हा १९६४ मध्ये मंगेशीच्याच जितेंद्र अभिषेकींनी 'मत्स्यगंधा'ला चाली दिल्या आणि लोक संगीत नाटकाला परत आले. उतरता काळ एकसारखा उतरत नाही, मध्ये असे चढ येतात. त्या चढांवरच्या गोष्टी लोक विसरतात, कारण इतिहास लिहिणाऱ्याला भरभराट तरी हवी असते नाहीतर पडझड.

दोष? आहेत की. सिनेमा स्टुडिओच्या भिंतीबाहेर फारसा जात नाही आणि ते जाणवतं. पुढच्याच वर्षी 'वेस्ट साइड स्टोरी'ने कॅमेरा न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यावर नेला. त्यापुढे हा नाटकच वाटतो. मिनेली लांब लांब शॉट घेतो, माणसांना रुंद पडद्यावर पसरून उभं करतो. मोबाइलवर पाहिलात तर सगळे मुंगीएवढे दिसतील. टीव्हीवर पाहा.

उपकथानक आहे ते जुगाराचं. एक लफंगा एजन्सीच्या फोनवरून रेकॉर्ड कंपनी चालवतो, असं दाखवतो. प्रत्यक्षात रेकॉर्डच्या ऑर्डरी म्हणजे घोड्यांवरचे पैसे. बेथोवेन म्हणजे बेलमाँटचं रेसकोर्स, हँडेल म्हणजे हायलियाचं, सिंफनीचा नंबर म्हणजे रेसचा नंबर. मटक्याचे आकडे चिठ्ठीवर कसे उतरतात ते पाहिलेल्या गोंयकाराला ह्यात नवल नाही. बेथोवेनच्या दहाव्या सिंफनीची ऑर्डर येते, आणि बेथोवेनच्या सिंफनी तर नऊच! एजन्सीतून कुणीतरी भल्या मनाने ती दुरुस्त करून टाकतं. पुढे काय होत असेल ते बघा. कल्पना झकास आहे, पण हा धागा गरजेपेक्षा लांबतो, आणि पोलिसांचा भाग तर मी पुढे ढकलते.

छोट्या भूमिकांत मजा आहे. एक दंतवैद्य आहे, त्याला गाणी रचायचा नाद. दाताला हवा मारायच्या नळीवर तो चाली बांधतो. मार्लन ब्रँडोसारखं पुटपुटणारा एक बेकार नट आहे. आणि सुरुवातीला एलाला पाहायला जो तरुण येतो तो जेरी मलिगन, नावाजलेला सॅक्सोफोनवाला, जो खऱ्या आयुष्यात त्या वेळी हॉलिडेचा जोडीदार होता. सिनेमात ही पहिली भेट साफ फसते.

एक प्रसंग आवर्जून पाहा. सिग्नलला गर्दी थांबली आहे, कुणी कुणाकडे बघत नाही. एला जेफ्रीला म्हणते, ह्यातल्या एकाला नुसतं 'हॅलो' म्हणून बघ. तो म्हणतो, मार खाईन. तरी म्हणतो. समोरचा आधी दचकतो, मग खुलतो, आणि बघता बघता सगळा घोळका एकमेकांशी बोलायला लागतो. लिहून दाखवलं की बालिश वाटतं. पडद्यावर नाही वाटत, कारण हॉलिडे त्या वेळी काहीच करत नाही. बाजूला उभी राहून ऐकते. ऑपरेटरचं ऐकणं कसं असतं ते तिला पक्कं ठाऊक आहे: मान किंचित कलती, नजर कुठेच नाही.

हॉलिडेचा हा शेवटचा सिनेमा. १९६५ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने ती गेली, वय ४३. हे मी आधी सांगितलं नाही, कारण त्या दुःखाच्या चष्म्यातून हा सिनेमा पाहू नये. शेवटाकडे 'आय अ‍ॅम गोइंग बॅक' आहे. एला सगळं सोडून आपल्या जुन्या नोकरीवर, ब्रेसियरच्या कारखान्यात, परत जाणार असते आणि ते ती एखाद्या जुन्या तमासगीर गवयाच्या आवेशात, हातवारे करून, स्टेज हादरवत जाहीर करते. तिथे दया वगैरे सुचायला कुणाला फुरसत नसते.

आवडला तर ब्रॉडवेच्या मूळ नटसंचाची रेकॉर्ड शोधा. नायक तिथे सिडनी चॅप्लिन आहे, चार्लीचा मुलगा. त्याचा गळा डीन मार्टिनइतका मऊ नाही, पण हॉलिडे जास्त ताजी आहे, आणि सिनेमात गाळलेलं 'लाँग बिफोर आय न्यू यू' तिथे आहे. आधी सिनेमा, मग रेकॉर्ड, ह्या क्रमाने घ्या. उलट केलंत तर चॅप्लिनचा गळा डोक्यात बसतो आणि मार्टिन झोपेत गातोय असं वाटायला लागतं.