ज्येष्ठ आईवडील आणि लहान मुले यांना घेऊन मोठ्या जहाजावरच्या सहलीला जावे का?

आपण विचारले आहे की, सत्तरी ओलांडलेले आईवडील, बारा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा यांना घेऊन सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर जाणे कितपत सोयीचे ठरेल, वडिलांचे गुडघे दुखतात तर त्यांना ते झेपेल का, कुणाला बोट लागेल का, आणि शाकाहारी जेवणाची व्यवस्था कशी असते. आम्ही सातजण, म्हणजे माझे सासू-सासरे, आम्ही दोघे, आमची दोन मुले आणि माझी नणंद, दोन वर्षांपूर्वी सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर अशा चार रात्रींच्या सफरीला गेलो होतो. त्या अनुभवावरून मी आपल्याला जरूर जा असेच सांगेन. फक्त पैसे कशावर खर्च करायचे याचा विचार आधी करा. बंदरांवर उतरून करायच्या सहली कमी कराव्यात आणि ते पैसे केबिनच्या जागेवर घालावेत, कारण घरातल्या ज्येष्ठांच्या दृष्टीने खरी सहल जहाजावरच होते.

पहिला अडथळा भीतीचा असतो, आणि तो आमच्याकडेही होता. सासूबाईंचे माहेर अलिबागकडचे आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ती हकीकत त्या बाजूच्या घरांमधून आजही सांगितली जाते. त्यामुळे 'बोटीने जायचे' म्हटल्याबरोबर त्यांनी नकार दिला होता. त्यांची भीती 'काही होत नाही हो' असे म्हणून जाण्यासारखी नव्हती, म्हणून मी त्यांना जहाजावरची सुरक्षाव्यवस्था नीट समजावून सांगितली. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि पुढे त्यात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून ३२ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि आता ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. जहाजावर मिळणाऱ्या आपल्या कार्डावर एक अक्षर छापलेले असते, ते आणीबाणीत आपण जमायच्या जागेचे. सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की तेथे जायचे. ही कवायत उरकून टाकायची गोष्ट समजू नका. आईवडिलांना त्यांच्या केबिनपासून त्या जागेपर्यंत एकदा जिन्याने हळूहळू चालवत न्या, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. आणि वडिलांना जिने चढता-उतरता येत नसतील तर तसे बुकिंग करतानाच कळवा, म्हणजे त्यांच्या मदतीसाठी माणूस नेमला जातो. सासूबाईंनी ती वाट दोनदा चालून पाहिली, त्यानंतर चारही रात्री त्यांनी भीतीचा विषय काढला नाही.

बोट लागण्याविषयी मी जरा सविस्तर लिहिते, कारण त्याचा केबिनच्या निवडीशी थेट संबंध आहे. सिंगापूरहून सुटणारे गेंटिंग ड्रीम हे २०१६ साली बांधलेले जहाज सुमारे दीड लाख टनांचे आणि ३३५ मीटर लांब आहे. तुलनेसाठी, कॉर्डेलिया कंपनीने २०२१ पासून मुंबईहून चालवलेले एम्प्रेस हे १९९० सालचे जहाज साधारण ४८ हजार टनांचे आहे. (येथे टन म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतील एकूण जागेवरून तो आकडा काढतात. माहितीपत्रके वाचताना हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो.) मोठ्या जहाजाच्या दोन्ही कुशींतून पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक बाहेर काढता येतात आणि त्यामुळे डावी-उजवीकडचे डोलणे बरेच कमी होते. मात्र लाटा समोरून आल्यावर जहाजाचे पुढचे आणि मागचे टोक वरखाली होते, ते या पंखांनी थांबत नाही. झोपाळ्याच्या फळीसारखे नव्हे, तर बागेतल्या सी-सॉसारखे ते हलणे असते. मध्यावर बसलेल्याला ते जवळजवळ जाणवत नाही, टोकावरच्याला सर्वांत जास्त जाणवते. म्हणून आईवडिलांसाठी जहाजाच्या लांबीच्या मध्यभागातील आणि शक्यतो खालच्या किंवा मधल्या मजल्यावरील केबिन मागून घ्यावी. तेथून लिफ्ट जवळ असेल तर गुडघ्यांचाही प्रश्न त्यातच सुटतो. जहाजातील बोळ इतके लांब असतात की टोकाची केबिन मिळाली तर नाश्त्याला जाऊन येण्यातच वडिलांची दिवसभराची चालण्याची ताकद संपेल. सिंगापूरहून पेनांगकडे जाताना लागणारी मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंच्या जमिनीमुळे एरवी शांत असते आणि आमच्यापैकी कुणालाही त्रास झाला नाही. सासूबाईंनी आलेपाक बरोबर ठेवला होता. बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे ज्येष्ठांनी त्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

केबिन बंद, खिडकीची आणि बाल्कनीची अशा तीन प्रकारांच्या असतात. तुम्ही आणि मुले बंद केबिनमध्ये राहिलात तरी चालेल, कारण तुम्ही तेथे केवळ झोपायला जाल. आईवडिलांसाठी मात्र बाल्कनी घ्या, असा माझा आग्रह आहे. माझे सासरे देवगडचे. लहानपणी ते मुंबईहून बोटीने गावी जात, तेव्हा डेकवर वळकटी पसरून रात्र काढावी लागे. या जहाजावर पहाटे पाचला उठून ते बाल्कनीतल्या खुर्चीत शाल पांघरून बसत, दूरच्या मालवाहू जहाजांचे दिवे मोजत, आणि साडेसहाला मी चहा घेऊन गेले की 'आज एकोणीस' असे सांगत. सामुद्रधुनीतून जगातली फार मोठी जहाजवाहतूक चालते, त्यामुळे रात्री कोणत्याही वेळी पाण्यावर दिवे दिसतातच. मुलाबद्दल मात्र सावध राहा. बाल्कनीचे दार कायम कडी लावून ठेवावे आणि खुर्ची कठड्यापासून दूर ठेवावी, कारण पाच वर्षांचे मूल खुर्चीवर क्षणात चढते. न्हाणीघराच्या दाराशी उंच उंबरठा असतो, त्याला वडिलांचा पाय अडखळू नये म्हणून पहिल्याच दिवशी तो दाखवून ठेवा.

फुकेतला आमचे जहाज धक्क्याला लागले नाही. ते पातोंगच्या उपसागरात नांगर टाकून उभे राहिले आणि किनाऱ्यावर जायला जहाजाच्या पोटातल्या दारातून लहान नावेत उतरायचे होते. सासरे त्या दाराशी थांबले, खाली हेलकावणाऱ्या नावेकडे पाहिले आणि म्हणाले, "अगं, हा तर पडाव!" विजयदुर्ग-देवगडकडच्या बंदरांत पूर्वी मोठी बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसांना पडावातून किनारा गाठावा लागे, ते त्यांना आठवले होते. खलाशाने हात पुढे करण्याआधीच त्यांनी लाट वर येईपर्यंत वाट पाहिली, नाव आणि दार एका पातळीवर आल्यावर पाऊल टाकले आणि मागे वळून मुलांनाही तसेच करायला सांगितले. त्यांचे गुडघे त्या दिवशी बरे होते म्हणून हे जमले. आपल्या वडिलांच्या बाबतीत बुकिंग करण्यापूर्वीच विचारून घ्या की, कोणत्या बंदरात जहाज धक्क्याला लागते आणि कोठे नावेने उतरावे लागते. व्हीलचेअर लागत असेल तर नावेच्या बंदरात त्यांना जहाजावरच थांबावे लागण्याची शक्यता असते. पेनांगला हा प्रश्न नाही. तेथे जहाज जॉर्ज टाउनमध्येच स्वेटनहॅम धक्क्याला लागते, जागतिक वारशाच्या यादीत २००८ साली आलेला जुना शहरभाग समोरच असतो, आणि लिटल इंडियात इडली-डोसा मिळतो. तेथे कंपनीची सहल घेण्याची आवश्यकता नाही.

घड्याळाविषयी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवा. थायलंडची वेळ सिंगापूरच्या वेळेपेक्षा एक तास मागे आहे. जहाज आपल्या स्वतःच्या वेळेने चालते, पण किनाऱ्यावर पाऊल ठेवताच मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो. त्यावर विसंबून परतलात तर तासभर उशीर होईल, आणि स्वतःच्या हिंमतीवर फिरायला गेलेल्या प्रवाशांसाठी जहाज थांबत नाही. मनगटावर साधे घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. मोबाइल समुद्रावर विमानाच्या मोडमध्येच ठेवावा, कारण जहाजावर उपग्रहाद्वारे चालणारे नेटवर्क पकडले गेले तर त्याचे दर साध्या रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त असतात.

जेवणाची काळजी करू नये. सिंगापूरच्या जहाजांवर भारतीय प्रवासी मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे बुफेमध्ये वरण, भात, भाज्या, दही, पोळीच्या जवळचा काही प्रकार असे रोज मिळते. जैन जेवण हवे असल्यास आधी कळवावे लागते. मात्र नावात 'व्हेजिटेबल' आहे म्हणून आग्नेय आशियाई पदार्थ घेऊ नयेत. त्यांत कालवांचा किंवा माशांचा सॉस, कधी सुकट घातलेली असते. आपण विचारलेत तर आचारी स्पष्ट सांगतात. घरचा चिवडा नेण्यावर आम्हाला कुणी हरकत घेतली नाही, पण कंपनीगणिक नियम वेगळे असतात. विजेची किटली आणि इस्त्री मात्र आगीच्या भीतीने सगळीकडेच काढून घेतात.

मुलांसाठी जहाजावर खेळघर असते, त्यात वयाप्रमाणे गट पाडलेले असतात. आपली मुलगी बारा वर्षांची असल्याने ती कोणत्या गटात बसेल हे विचारून ठेवा, नाहीतर ती ना लहानांत, ना मोठ्यांत अशी राहील. घसरगुंड्यांना उंचीची अट असते, ती घरीच माप घेऊन पाहिली तर तेथे मुलाचा हिरमोड होत नाही. पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक असेलच असे धरून चालू नये. आम्ही दोघांपैकी एकजण कायम पाण्यापाशी असे.

खर्चाचे गणित जाहिरातीतील आकड्यावर करू नका. तो आकडा दोघांनी एक केबिन घेतली असे धरून माणशी असतो, आणि त्यावर बंदराचे कर व दर रात्री माणशी सेवाशुल्क लागते, जे चौघांच्या कुटुंबात चार रात्रींत सोळा वेळा मोजले जाते. इंटरनेट, शीतपेये आणि खास उपाहारगृहे वेगळी. जहाजावरील डॉक्टरांची फी घेतली जाते, म्हणून आईवडिलांचा प्रवास विमा घेताना त्यात समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च आहे का आणि त्यांचे आधीचे आजार धरले आहेत का, हे लेखी विचारावे. आमच्या सहल आयोजकाने सेवाशुल्क दरात धरलेले आहे असे तोंडी सांगितले होते आणि ते शेवटच्या दिवशी आमच्या खात्यावर लागले. लेखी काही नसल्याने आम्हाला ते भरावे लागले. व्हिसा सिंगापूरचा हवा आणि तो एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असावा, कारण जहाज परत येते तेव्हा आपण सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश करत असतो. मलेशिया आणि थायलंडचे भारतीयांसाठीचे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, ते बुकिंगच्या वेळी आणि निघण्यापूर्वी असे दोनदा तपासावेत. आईवडिलांचे पासपोर्ट अजून काढलेले नसतील तर मुंबई ते गोवा हा दोन-तीन रात्रींचा प्रवास आधारकार्डावर करता येतो, आणि तो आधी करून पाहणे वाईट नाही.

सामान जहाजावर चढताना काढून घेतात आणि ते काही तासांनी केबिनच्या दाराशी येते, म्हणून औषधे, मुलांचे पोहण्याचे कपडे आणि सगळी कागदपत्रे हातातल्या पिशवीत ठेवावीत. उतरण्याच्या आदल्या रात्री पुन्हा तेच उलट होते, म्हणजे मध्यरात्रीपूर्वी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या रात्री माझ्या नणंदेने सगळे आवरण्याच्या भरात सासूबाईंची दुसऱ्या दिवशीची साडी आणि रक्तदाबाच्या गोळ्या दोन्ही बॅगेत घातल्या. साडीचे निभावले, सासूबाई माझा पंजाबी ड्रेस घालून उतरल्या. पण गोळीसाठी सकाळी धक्क्यावरच्या त्या प्रचंड दालनात शेकडो बॅगांतून आमची हिरवी बॅग शोधेपर्यंत पाऊण तास गेला. आपण आईवडिलांच्या गोळ्यांची डबी त्या रात्री स्वतःच्या उशाशी ठेवा.