‘मरणान्तानि वैराणि’ असताना वादग्रस्त नेत्याच्या निधनानंतर टीका करणाऱ्यांना काय उत्तर द्यावे?

आपण विचारले आहे की, मरणाबरोबर वैर संपते हा आपला संस्कार असताना एखादा वादग्रस्त नेता गेल्यावर अर्धे लोक रडतात आणि अर्धे लोक त्याच दिवशी त्याचे दोष काढतात, असे का होते आणि दोष काढणाऱ्यांना काय उत्तर द्यावे. मी तीस वर्षे शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवले असल्यामुळे हा अर्धा श्लोक कोणी तोंडावर फेकला की मला राहवत नाही. शिवाय हाच प्रश्न माझ्या थोरल्या भावाने मला २०१२ साली विचारला होता आणि त्याचे उत्तर अजून आमच्यात ठरलेले नाही.

शनिवार, १७ नोव्हेंबर २०१२ रोजी दुपारी बाळासाहेब ठाकरे ‘मातोश्री’वर गेले. मी भाऊबीजेसाठी डोंबिवलीहून लालबागला माहेरी आले होते आणि रविवारपर्यंत राहणार होते. चाळीच्या गॅलरीत दिवाळीचे कंदील अजून लटकत होते. बातमी आल्यावर अर्ध्या तासात खालची दुकाने बंद झाली आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात तीन माणसे तीन प्रकारे गप्प झाली.

दादा भिंतीकडे तोंड करून रडत होता. त्याने १९७९ साली राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी मिळवली, ती शिवसेनेच्या स्थानिक लोकाधिकार समितीच्या रेट्यामुळे. त्याआधी दोन वर्षे तो गुणपत्रिका घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होता आणि त्याचा अर्ज कोणी हातातही घेत नव्हते. समितीची मुले त्या बँकेच्या दारात बसली, मराठी मुलांच्या भरतीची मागणी मान्य झाली आणि त्या यादीत दादाचे नाव आले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि आमच्या वडिलांची, आप्पांची, गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडलीच नाही, तेव्हा आमची चूल दादाच्या पगारावर पेटत होती. माझे बी.एड.सुद्धा त्याच पगारातून झाले. त्यामुळे त्या दिवशी त्याचे रडणे खोटे होते किंवा भाबडे होते असे कोणी म्हटले, तर मी आजही त्या माणसाशी भांडेन.

आप्पा दूरचित्रवाणीसमोर ताठ बसून होते. ते गिरणीच्या साचेखात्यातले, म्हणजे मागांवरचे कामगार आणि आयुष्यभर लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट. कॉम्रेड कृष्णा देसाई यांच्या सभांना सतरंज्या घालण्यापासून ते तरुणपणी होते. परळचे आमदार असलेल्या देसाईंचा ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये खून झाला, त्या रात्री आप्पा घरी आले नाहीत. मी दहा वर्षांची होते, पण दुसऱ्या दिवशी परतलेले आप्पा मला नीट आठवतात, कारण त्यांनी चप्पलही न काढता आईकडे पाणी मागितले होते. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत देसाईंच्या पत्नीचा पराभव करून शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले आणि ते शिवसेनेचे पहिले आमदार ठरले. गिरणगावातला लाल बावटा तिथून उतरत गेला, असे आप्पा मानत आणि मीही मानते. साचेखात्यातले त्यांचे एक जोडीदार मदनपुऱ्यात राहत असत. जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर ते कुटुंबासह उत्तर प्रदेशातल्या गावी गेले आणि पुन्हा आले नाहीत. ईदला त्यांच्या घरून येणारा शीरखुर्म्याचा डबा त्या वर्षापासून बंद झाला आणि तो डबा कोणामुळे बंद झाला याविषयी आमच्या घरात कोणाच्याही मनात संशय नव्हता, दादाच्याही नव्हता. फक्त तो बोलत नसे.

रविवारी सकाळी दादा चालत शिवाजी पार्कला गेला. आप्पांनी त्याला अडवले नाही. दिवसभर त्यांनी पडद्यावर ती अंत्ययात्रा पाहिली, वांद्र्याहून दादरला येणारा तो माणसांचा लोंढा पाहिला, आणि मला फक्त एकदा म्हणाले, “एवढी माणसं पूर्वी आपल्याकडं यायची.” रात्री दादा परतला तेव्हा आप्पांनी, ज्यांनी जन्मात कधी सुतक पाळले नव्हते त्यांनी, स्वतः उठून त्याच्या आंघोळीचे पाणी तापवले होते. मयताहून आलेल्या माणसाला गरम पाणी मिळावे, एवढेच त्यांना दिसत होते.

मी मात्र शनिवारी संध्याकाळीच फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या. त्या अशा होत्या: “ज्यांच्या चळवळीमुळे माझ्या भावाला नोकरी लागली आणि ज्यांच्या राजकारणात माझ्या वडिलांचे गिरणगाव संपले, ते आज गेले. माझ्या घरात आज एक जण रडतो आहे आणि एक जण रडू शकत नाही. दोघेही खरे आहेत. १९९३ मध्ये ज्यांची घरे जळली त्यांनाही आज कोणीतरी विचारावे.” सोमवारी कळले की पालघरमध्ये दोन तरुण मुलींना अटक झाली आहे. एकीने बंद कशासाठी पाळायचा असे फेसबुकवर विचारले होते आणि दुसरीने तो मजकूर आवडल्याची खूण केली होती, एवढाच त्यांचा गुन्हा होता; एकीच्या काकांच्या रुग्णालयाची तोडफोडही झाली होती. मी शाळेत शिकवणारी बाई होते, मला भीती वाटली आणि मी माझ्या ओळी पुसून टाकल्या. पण दादाला त्या कोणीतरी आधीच दाखवल्या होत्या. “मयताच्या घरी भांडायचे नसते हे तुला शिकवावे लागेल का? मरणान्तानि वैराणि, हे तूच मुलांना शिकवतेस ना?” असे तो म्हणाला आणि पुढची दोन वर्षे भाऊबीजेला ओवाळून घेण्यापलीकडे माझ्याशी बोलला नाही.

आता त्या श्लोकाविषयी. तो वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात आहे आणि प्रसंगासकट वाचला तर आपल्याला हवा तो अर्थ त्यातून निघत नाही. रावण पडल्यावर बिभीषण त्याचे अंत्यसंस्कार करायला नकार देतो. धर्म सोडलेला, क्रूर, असत्याने वागणारा आणि परस्त्रीला हात घालणारा हा माणूस होता, त्याचा संस्कार मी करणे योग्य नाही, असे तो सख्खा भाऊ प्रेतासमोर उभा राहून बोलतो. राम त्याला गप्प करत नाही. रावण अधर्म आणि असत्य यांनी भरलेला होता हे राम मान्य करतो, तो तेजस्वी, बलवान आणि शूर होता हेही सांगतो, आणि त्यासोबत म्हणतो की वैर मरणापर्यंतच असते, आपले काम झाले आहे, आता याचा संस्कार कर, हा जसा तुझा आहे तसा माझाही आहे. म्हणजे तिथे वैर संपवून जे मागितले आहे ते प्रेताला अग्नी देणे आहे, आणि दोष तर त्याच संवादात, चितेच्या आधी, दोघांनीही उच्चारलेले आहेत. रामायणाचा आधार घ्यायचा असेल तर पूर्ण घ्यावा.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर साधे आहे. मोठा नेता लोकांच्या घरात शिरलेला असतो; कोणाच्या घरी तो नोकरी घेऊन येतो आणि कोणाच्या घरी आग घेऊन. मरणाच्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या घराचा हिशेब काढतो. एप्रिल २०१३ मध्ये ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर गेल्या, तेव्हा लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलकडे त्यांची समारंभपूर्वक अंत्ययात्रा निघाली आणि त्याच दिवशी यॉर्कशरमधल्या गोल्डथॉर्प या खाणकामगारांच्या गावात त्यांचा पुतळा जाळला गेला. ही बातमी वाचून माझ्या ओळखीचे कितीतरी लोक इंग्रजांच्या संस्कारांवर बोलले. मला मात्र १९८४-८५ चा त्या खाणकामगारांचा मोडलेला संप आणि आमचा १९८२ चा संप आठवला. पुतळा जाळणे मला पटले नाही, पण तो जाळणारी माणसे मला परकी वाटली नाहीत.

दुसऱ्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: टीका करणाऱ्याला उत्तर देण्याची जबाबदारी आपल्याकडे नाही. निधन जोवर घरचे आहे तोवर घराची मर्यादा पाळावी. ज्या दिवशी शहर बंद होते, तिरंग्यात देह गुंडाळला जातो, पोलीस बंदुकीच्या फैरींची मानवंदना देतात, त्या दिवशी ते मरण सार्वजनिक झालेले असते आणि त्यावर बोलण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला मिळतो. ठाकरे यांनी कधी कोणतेही सरकारी पद घेतले नव्हते, तरीही त्यांना शासकीय इतमाम मिळाला. याच राज्यव्यवस्थेने, १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने केलेल्या प्रचाराबद्दल न्यायालयाने दोषी ठरवल्यानंतर, त्यांचा मतदानाचा हक्क १९९९ साली काढून घेतला होता. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने, सुमारे ९०० माणसे मारली गेलेल्या मुंबईच्या दंगलींत, त्यांनी अनुभवी सेनापतीप्रमाणे आपल्या सैनिकांना हल्ल्यांचे आदेश दिल्याचे नोंदवले होते. सरकारने मानवंदना देताना ही पाने मिटून ठेवली, तर ती कोणीतरी उघडणारच आणि त्यासाठी तेराव्याची वाट पाहायला सांगणे मला मान्य नाही, कारण तोवर स्मारकाची जागाही ठरू लागलेली असते.

हेच मी दादाला सांगत आले आहे, पण २०१६ साली आप्पा गेले आणि आमचा वाद अधिक अवघड झाला. दादाने स्वतः जाऊन युनियनच्या कचेरीतून लाल बावटा आणला आणि आप्पांच्या अंगावर घातला. आयुष्यभर भगवा खांद्यावर घेतलेल्या माणसाने ते केले, हे पाहून चाळीतले म्हातारे गिरणी कामगार गॅलरीत उभे राहून रडले. दहाव्याच्या दिवशी तो मला म्हणाला, “या बावट्यापायी आपण घरात उपाशी झोपलो. मी त्या दिवशी एक शब्द बोललो का? आणि तुला माझ्या साहेबांसाठी एक दिवस गप्प बसवले नाही.” तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आज सुचते आहे आणि ते मी इथे लिहिते, कारण समोर बसून ते कधी पूर्ण होत नाही. आप्पांचा देह चाळीच्या गॅलरीत होता. त्यांच्यासाठी कोणाचे दुकान बंद करायला लावले नव्हते आणि त्यांना वाईट म्हटले म्हणून कोणाला पोलिसांनी उचलले नसते. तिथे तुझे गप्प बसणे हे तुझे प्रेम होते. पालघरनंतरचे माझे गप्प बसणे ही भीती होती. तू ही दोन्ही मौने एका तागडीत घालतोस, हेच मला पटत नाही.

पालघरच्या प्रकरणात पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले, तो खटला बंद झाला, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाखाली त्या मुलींना पकडले होते ते कलम २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून रद्द केले. म्हणजे कायद्याने तरी त्या मुलींची बाजू घेतली.

आता काही गोष्टी, ज्या मी आधीच सांगायला हव्या होत्या. मी तटस्थ नाही. मी आप्पांची मुलगी आहे. कृष्णा देसाई यांच्या खुनाचे खापर गिरणगावातले लोक शिवसेनेवर फोडतात, पण ठाकरे यांच्यावर त्या प्रकरणात खटला चालला नव्हता. श्रीकृष्ण आयोग हा चौकशी आयोग होता, न्यायालय नव्हते, आणि त्या वेळच्या शिवसेना-भाजप युती सरकारने त्याचे निष्कर्ष नाकारले होते. रात्री दोन वाजता रुग्णवाहिका हवी असेल तर आमच्या वस्तीत लोक शिवसेनेच्या शाखेतच धावत, हेही मी पाहिले आहे. आणि टीकेचा हक्क म्हणजे पेढे वाटण्याचा हक्क नव्हे. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात काही ठिकाणी पेढे वाटले गेले आणि पाठोपाठ सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ज्यांची घरे जळली त्यांतल्या बहुतेकांनी पेढे पाहिलेही नव्हते. ज्याला मरणाचा आनंद होतो त्याने तो आपल्या दाराआड ठेवावा, एवढे मी दादाच्या बाजूने मान्य करते.

आपल्या प्रश्नावरून वाटते की आपल्या घरातही कोणीतरी असे काही लिहिले आहे आणि आपण दुखावला आहात. त्या माणसाला श्लोक ऐकवू नका. त्याच्या घरी त्या नेत्यामुळे नेमके काय झाले, कोणत्या साली झाले, हे विचारा आणि मग आपल्याकडे काय झाले ते सांगा. दादाने मला त्या सोमवारी हे विचारले असते तर मी त्याला त्याच्या नोकरीची ओळ आधी वाचून दाखवली असती. माझ्या त्या चार ओळींमध्ये ती पहिली होती आणि ज्याने त्याला तो मजकूर दाखवला त्याने फक्त शेवटची ओळ दाखवली होती, हे मला त्याच्या मुलीकडून गेल्या वर्षी कळले. त्या चारही ओळी वर जशाच्या तशा दिल्या आहेत.