पोरगं रडलंच नाही, मॅडम

मी समुपदेशन करते. ती कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा नवरा जाऊन महिना झाला होता. वय 41, हार्ट अटॅक. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) काळजी मात्र 14 वर्षांच्या मुलाची.

“पोरगं रडलंच नाही, मॅडम. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, चौथ्या दिवशी बूट घालून ग्राउंडवर. भावकी नावं ठेवायला लागलीय. दगडाच्या काळजाचं आहे का हो हे?”

हा प्रश्न मला नवा नाही. मोठ्यांचं दुःख पावसाळ्यातल्या पंचगंगेसारखं, पात्राबाहेर पडलं की लवकर ओसरत नाही. मुलांचं वळवासारखं. कोसळतं, थांबतं, लगेच ऊन. ते ऊन खोटं नसतं, एवढंच तिला सांगितलं आणि मुलाला घेऊन यायला सांगितलं.

तो आला. मी विचारलं, “कसं वाटतंय?” “बरं.” पुढची पंधरा मिनिटं ‘बरं’वरच गेली. चूक माझी, असल्या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतंच. मग विचारलं, “पप्पांबरोबर मॅचला जायचास?” तेव्हा शाहू स्टेडियम, पाटाकडील आणि प्रॅक्टिस हे फुटबॉल संघ, बाप-लेकांत एक शेंगांचा पुडा, सगळं बाहेर आलं. मला ऑफसाइड कळत नाही, तेही त्यानं टेबलावर पेनं मांडून समजावलं. मांडता मांडताच म्हणाला, “ग्राउंडवर असलो की पप्पा वर बसून बघतायत असं वाटतंय.”

आणि थोड्या वेळानं, “त्या रात्री दही आणायला मला सांगितलं होतं. मी मोबाइलवर होतो. ते गेले, जिना चढून आले, आणि…”

‘तुझा दोष नाही’ असं मी लगेच म्हटलं नाही. त्या वाक्यानं मूल गप्प होतं, पटत काहीच नाही. त्याला प्रश्न कागदावर लिहायला लावला आणि आईबरोबर त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद व्हायला वर्षं लागतात, एका जिन्यानं ते होत नाही, खुर्चीत बसल्या बसल्याही झटका आला असता, हे त्यांनी चित्र काढून सांगितलं. तो कागद दप्तरात असतो.

पण रडला का नव्हता? पंचगंगेच्या स्मशानात शेणींच्या चितेला अग्नी देऊन तो वळला, तेव्हा पाच-सहा जणांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, “आता घरातला कर्ता तूच. आईसमोर रडायचं नाही.” पोरानं ऐकलं. आता तीच माणसं त्याला दगड म्हणत होती. मला राग आला, लपवत नाही. चौदाव्या वर्षी कुणी कर्ता नसतो. त्याला दहावीपर्यंत पोचायचंय.

धाकटी सहा वर्षांची. तिला ‘पप्पा झोपलेत’ सांगितलेलं, म्हणून ती झोपायलाच घाबरायची. आईला म्हटलं, ‘मेले’ हाच शब्द वापरा. शरीर बंद पडलं, आता दुखत नाही, भूक लागत नाही, परत येणार नाहीत. पोरीनं लगेच पकडलं, “मग दहाव्याला कावळ्याला का जेवण वाढलं?” आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “पप्पांची आठवण येते, म्हणून आपण वाढतो.” तिला चाललं.

“किती दिवस चालणार हे?” आईनं विचारलं. तारीख नसते. मात्र अनेक आठवडे झोप-जेवण बिघडलेलं, शाळा सुटलेली, मित्र तुटलेले असतील, तर थांबू नका. ‘मलाही पप्पांकडे जायचंय’ असं मूल म्हणालं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.

तिला एकच काम दिलं होतं, मुलासमोर रडायचं. पुढच्या खेपेला ती सांगत होती, “दूध तापवताना रडू आलं, आवरलं नाही. तो आला, गॅस बारीक केला आणि शेजारी उभा राहून रडला. म्हणाला, मी अंघोळीला गेलो की नळ सोडून रडतोय.”

“आणि तुम्ही?”

“मीपण तिथंच, मॅडम. नळ सोडून.”