रान तोडीला द्यायचं का? सौद्याआधी एवढं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : संगमेश्वर तालुक्यात अडीच एकर वडिलोपार्जित डोंगरउतार, ठेकेदाराने उभ्या रानाची एकरकमी बोली केलीय, चुलतभाऊ म्हणतो "देऊन टाकू, पंधरा वर्षांत पुन्हा फुटतं", आणि तुमचं मन घेत नाही. लांब राहून 'झाडं वाचवा' म्हणायला कुणाचं काही जात नाही, हे मलाही कळतं. पण आमच्या घरात हा सौदा एकदा झालाय, म्हणून सविस्तर लिहितो.

चुलतभाऊ निम्मा बरोबर आहे. ऐन, किंजळ बुंध्यात तोडले तरी खुंटाला धुमारे येतात. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडायचे तेही याच भरवशावर. फरक एवढाच, की कवळ तोडणारा फांद्या उतरवायचा, शेंडा राखायचा आणि झाडाला उसंत द्यायचा. ठेकेदाराला ट्रक भरायचा असतो. मनगटाएवढ्या रोपट्यापासून दोघांच्या कवेत न मावणाऱ्या झाडापर्यंत सगळं आडवं होतं, आणि बरंचसं बॉयलरला नाहीतर वीटभट्टीला जळण म्हणून जातं.

आमचं रान १९९८च्या डिसेंबरात तोडलं. घरात लग्न होतं, पैसा हवा होता. काकांना मी आजही दोष देत नाही. घराच्या वरच्या अंगाला पऱ्या, म्हणजे ओढा आहे. एप्रिल संपेपर्यंत त्यात कळशी बुडायची. तोडीनंतरच्या पहिल्याच पावसात त्याला लाल पाणी आलं, ते आठवडाभर लालच. दोन-तीन वर्षांत शिमग्यालाच खडक उघडे पडायला लागले. यात गूढ काही नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि उतारावर माती असते वीतभर. पाण्याला धरून ठेवतो तो पाचोळा आणि मुळांनी सैल केलेली जमीन. पाचोळा वाहून गेला की पाणी मुरायच्या आधीच खाली पोचतं. लग्नाचे पैसे लग्नात संपले. पुढे विंधन विहिरीला गेलेले पैसे मात्र सौद्याच्या हिशेबात कुणी धरले नव्हते.

आणि 'पुन्हा फुटतं' म्हणजे काय फुटतं तेही बघा. उघड्या झालेल्या जागेत आधी रानमोडी हे तण घुसलं, मग गवत. गवत आलं तसा वणवाही आला, आणि धुमारे दोनदा करपले. आज तिथे ऐन आहेत, मांडीएवढे. लांबून हिरवं दिसतं, पाहुण्यांना छानही वाटतं. पण माझ्या लहानपणी तिथे एक बेहडा होता, वर फांदी मोडल्याजागी ढोली पडलेला. त्यात ककणेराची (धनेश पक्ष्याची) मादी स्वतःला आत लिंपून घ्यायची आणि नर त्या फटीतून तिला उंबरं भरवायचा. आम्ही पोरं खाली पडलेल्या बिया मोजायचो. त्या झाडाला ठेकेदाराने फाट्याचा, म्हणजे जळाऊ लाकडाचा भाव लावला, कारण ते पोकळ होतं. तशी ढोली पडायला झाडाचं वय पिढ्यांत मोजावं लागतं, आणि बिया टाकणारे पक्षीच गेले तर उंबर, जांभूळ परत आणणार कोण? खुंटाचे धुमारे फक्त खुंटाचेच असतात.

आता व्यवहाराचं. सातबारा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या संमतीशिवाय एकट्या चुलतभावाने सौदा करू नये. इथेच निम्मे सौदे अडतात (आणि भावकी बोलेनाशी होते ती वेगळीच). दुसरं, महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली अनुसूचित झाडांना स्वतःच्या जमिनीतही परवानगी लागते. ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, आंबा, फणस, हिरडा, साग ही सगळी त्या यादीत आहेत, म्हणजे तुमचं जवळजवळ अख्खं रान आलं. ठेकेदार म्हणेल "पासाचं (परवान्याचं) मी बघतो." बघू दे, पण अर्जावर सही तुमची असते. कोऱ्या कागदावर ती देऊ नका आणि झाडांची मोजणी स्वतः उभं राहून करून घ्या.

पैशाची खरोखर नड असेल तर सरसकट तोडीला सरळ नाही म्हणा आणि निवडक द्या : वाकडे, दाटीतले ऐन मोजून, प्रत्येक झाडाचा भाव ठरवून. पऱ्याच्या दोन्ही बाजू आणि जुनी ढोलीची झाडं सौद्याबाहेर. जेसीबी रानात घालू द्यायचा नाही. तोडीनंतर काजू लावायला म्हणून तो आला की खुंटही उपटतो, मग फुटायलाही काही उरत नाही. काजूच लावायचा असेल तर वेंगुर्ला-४ किंवा ७ या जाती घराजवळच्या मोकळ्या वरकसात (हलक्या उताराच्या जमिनीत) लावा.

न तोडण्याचेही पैसे मिळू शकतात, हे फार जणांना माहीत नसतं. एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) ही संस्था तुमच्याच तालुक्यात रान राखण्यासाठी खाजगी मालकांशी करार करत आलीय. भीमाशंकरकडे तर बेहड्याची फळं 'फेअरवाइल्ड' या, रानातला माल झाडं राखून गोळा केल्याच्या प्रमाणपत्रासह विकली गेली, त्यामुळे ककणेराची घरटी असलेली झाडं उभी ठेवणं लोकांना परवडलं. ठेकेदाराएवढी रक्कम एकदम हातात येईल असं मी म्हणणार नाही. पण चौकशी फुकट आहे, आणि ती सौद्याआधीच करायची असते.

शिमग्याला गावी जाणारच असाल तर पऱ्यात पाणी कुठवर आहे ते चालत जाऊन बघा आणि चुलतभावाला सोबत घ्या. सातबारा काढलात की इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय तेवढं इथे कळवा. कुळाचं नाव निघालं तर वरचं बरंच बदलेल.