आनुवंशिक, जन्मजात की जनुकीय? स्किझोफ्रेनियाबद्दल बोलताना कुठला शब्द वापरायचा

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता: मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) आहे, औषधं चालू आहेत, आता बहिणीच्या लग्नाची बोलणी सुरू झालीत आणि मुलाकडचे विचारतायत "हे जन्मजात आहे का?" डॉक्टरांच्या कागदावर "आनुवंशिक व प्रसवपूर्व जोखीम घटक" असं लिहिलंय, काका म्हणतात आनुवंशिक म्हणजे जन्मजातच की. तर हे दोन्ही एकच का, आणि समोरच्याला काय शब्दात सांगायचं?

ताई, एकच नाहीत. आणि तुमच्या बाबतीत हा फरक नीट कळणं फार गरजेचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लेखनाचं उरकून घेऊ. अनुवंश + इक, पहिल्या स्वराची वृद्धी होते म्हणून आनुवंशिक. "अनुवांशिक" सगळीकडे दिसतं, पेपरात, हॉस्पिटलच्या बोर्डावर, पण तिथे वृद्धी चुकीच्या अक्षराला दिलीय. झालं.

आता अर्थ. आनुवंशिक म्हणजे वंशातून आलेलं, आईवडिलांकडून, आजी-आजोबांकडून. जन्मजात म्हणजे जन्माबरोबर असलेलं, ते कुठून आलं याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. आईला दिवस असताना रुबेला झाला आणि बाळ बहिरं जन्मलं तर ते बहिरेपण जन्मजात, पण आनुवंशिक नाही. उलट हंटिंग्टनसारखा मेंदूचा आजार पक्का आनुवंशिक, पण बहुतेकदा तिशी-चाळिशीपर्यंत माणूस ठणठणीत असतो, त्याला जन्मजात आजार कोण म्हणेल? आणि तिसरा शब्द जनुकीय, म्हणजे जनुकांमधला. हा आनुवंशिकच्या जागी सर्रास वापरतात, पण जनुकातला बदल प्रत्येक वेळी वाडवडिलांकडूनच येतो असं नाही, तो त्या बाळापासूनच नव्याने सुरू झालेला असू शकतो.

आपल्याकडे हा भेद जुना आहे बरं का. आयुर्वेदातल्या सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 24व्या अध्यायात व्याधींचे 7 प्रकार सांगितलेत, त्यातला पहिला आदिबलप्रवृत्त, म्हणजे आईबापाच्या शुक्र-शोणितातल्या (बीजातल्या) दोषामुळे होणारा, आणि त्याचेही मातृज-पितृज असे दोन भाग. दुसरा जन्मबलप्रवृत्त, म्हणजे गर्भ पोटात असताना आईच्या आहारविहारात जे बिघडलं त्यामुळे होणारा. त्यात एक पोटभेद दौहृदाचा, गरोदर बाईच्या इच्छा पुऱ्या झाल्या नाहीत तर होणारा, आपले डोहाळे त्याच घराण्यातले. त्यातली उदाहरणं आजच्या वैद्यकाला पटणारी नाहीत, डोहाळे पुरवले नाहीत म्हणून बाळाला व्यंग येत नाही आणि पहिल्या प्रकारात घातलेला कुष्ठरोग वंशातून येत नाही. पण बीजातून आलेलं वेगळं आणि पोटात असताना घडलेलं वेगळं, हे दोन कप्पे मला आजही अगदी बरोबर वाटतात. तुमच्या डॉक्टरांच्या कागदावरचे आनुवंशिक आणि प्रसवपूर्व हे तेच दोन कप्पे.

आता स्किझोफ्रेनिया यातल्या कुठल्या कप्प्यात? दोन्हीत थोडा थोडा, आणि पूर्णपणे कुठल्याच नाही. इथेच बोलताना घोळ होतो.

वंशाचा भाग आधी घेऊ. डेन्मार्कमध्ये 1951 ते 2000 या काळात जन्मलेल्या 31 हजारांहून जास्त जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांमध्ये, म्हणजे ज्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी, एकाला आजार असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण निघालं 33 टक्के. वेगळ्या दिसणाऱ्या साध्या जुळ्यांत 7 टक्के. आणि त्याच अभ्यासात हेरिटॅबिलिटी म्हणून जो आकडा दिलाय तो 79 टक्के! वाचणारा गोंधळतो, आणि पेपरात मथळा येतो "स्किझोफ्रेनिया 80 टक्के आनुवंशिक", मग मुलाकडचे हिशोब करतात की म्हणजे दहातल्या आठ पोरांना होणार. तसं अजिबात नाही. 79 टक्के हा आकडा सगळ्या समाजाबद्दल आहे, माणसामाणसात या आजाराच्या धोक्याचा जो कमीजास्तपणा दिसतो त्यातला किती भाग जनुकांच्या फरकातून येतो एवढंच तो सांगतो. एका घरातल्या एका मुलाला आजार होईल का, याचं उत्तर त्यात नाहीच. जनुकं सगळी सारखी असून तीन जोड्यांपैकी साधारण दोन जोड्यांत दुसऱ्या भावंडाला आजार होत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं तेच कोणी मथळ्यात छापत नाही.

घरगुती हिशोब करायचा तर मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉट्समन यांनी 1991 मध्ये युरोपातले बरेच अभ्यास एकत्र करून जे आकडे मांडले ते अजून वापरतात. सर्वसाधारण लोकांत आयुष्यभराचा धोका साधारण 1 टक्का, रुग्णाच्या सख्ख्या भावंडाला 9 टक्के, रुग्णाच्या मुलाला 13 टक्के, भाच्या-पुतण्यांना 4 टक्के. म्हणजे तुमच्यासारख्या 100 बहिणींपैकी 91 जणींना हा आजार होत नाही, आणि उद्या तुम्हाला मुलं झाली तर ती तुमच्या भावाची भाचरं, त्यांच्यापैकी 96 टक्क्यांना नाही. उलट बाजूनं बघितलं तर बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार नसतोच.

जनुक एक आहे का? नाही. 2022 मध्ये 76 हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासातून जनुकसंचातल्या 287 जागा सापडल्या, आणि त्यातली एकेक जागा धोका अगदी किंचित वाढवते. हे बारीक बारीक फरक तुमच्या-माझ्यात, त्या मुलाकडच्यांच्या रक्तातसुद्धा आहेत, कोणाकडे थोडे कमी कोणाकडे जास्त. "त्यांच्या घराण्यात आहे आमच्यात नाही" किंवा "खाण तशी माती" या बोलण्याला इथे काही आधारच राहत नाही.

थोडे अपवाद आहेत, ज्यात एकच मोठा बदल धोका खूप वाढवतो. 22व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असणं हे त्यातलं ठळक उदाहरण, अशा लोकांपैकी साधारण चौघांत एकाला पुढे स्किझोफ्रेनिया किंवा तशा प्रकारचा आजार होतो. पण गंमत बघा, हा तुकडा गळालेल्या दहापैकी नऊ जणांच्या आईवडिलांत तो शाबूत असतो, बदल नव्यानेच झालेला. म्हणजे हे जनुकीय आहे, जन्मजातही आहे, पण आईवडिलांकडून आलेलं आनुवंशिक नाही! तिन्ही शब्द वेगळे ठेवायला हवेत ते यासाठी. वडिलांच्या वयाचंही तसंच. जेरुसलेममधल्या जन्मनोंदींवरून 2001 मध्ये दिसलं की बापाचं वय पन्नाशीपुढे असेल तर पंचविशीच्या आतल्या बापाच्या तुलनेत मुलाचा धोका तिपटीच्या आसपास जातो, आणि वयाबरोबर शुक्रपेशींत नवे बदल साठत जातात हे त्याचं एक कारण मानतात.

आता प्रसवपूर्व. हा शब्द बरोबर आहे पण जड आहे, "पोटात असताना" म्हटलं की आजीलाही कळतं.

याचा सगळ्यात चांगला पुरावा हॉलंडमधून आलाय. 1944-45 च्या हिवाळ्यात नाझींनी पश्चिम हॉलंडची धान्याची वाट अडवली, रेशन दिवसाला 1000 कॅलरीच्याही खाली गेलं, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. मे 1945 मध्ये सुटका झाली आणि अन्न परत आलं, त्यामुळे उपासमारीची सुरुवात आणि शेवट दोन्ही नेमके माहीत, शिवाय डच लोकांच्या नोंदी चोख. त्या उपासमारीच्या ऐन शिखरावर ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्यात मोठेपणी स्किझोफ्रेनियाचं प्रमाण दुप्पट निघालं, हे 1992 आणि 1996 मध्ये प्रसिद्ध झालं. मग चीनमध्ये तपासलं, 1959-61 चा मोठा दुष्काळ, आन्हुई प्रांतातला वुहू भाग: 1959 मध्ये जन्मलेल्यांत 0.84 टक्के, 1960 मध्ये जन्मलेल्यांत 2.15 टक्के. दोन देश, दोन वेगळ्या राजवटी, निष्कर्ष तोच. पण आकडे नीट वाचा, भीषण दुष्काळात पोटात वाढलेल्या 100 मुलांपैकी जवळजवळ 98 जणांना हा आजार झाला नाही.

बाकीचे घटक पटकन सांगतो: आईला गरोदरपणात झालेले काही संसर्ग (रुबेलाचा पुरावा बऱ्यापैकी, फ्लूबद्दल 1957 च्या साथीवरून फिनलंडमधल्या हेलसिंकीत दिसलं पण नंतरचे अभ्यास सगळे जुळले नाहीत), वाढलेलं बीपी आणि त्याबरोबरची प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवर ताण येणं), आईचा मधुमेह, बाळंतपणात बाळाला ऑक्सिजन कमी पडणं, कमी वजन. यातला एकेक घटक धोका वाढवतो तो थोडाच.

हे दोन कप्पे प्रत्यक्षात वेगळे करणं किती अवघड ते बघा. 1966 मध्ये मनोविकारतज्ज्ञ लिओनार्ड हेस्टन यांनी अमेरिकेत ओरेगॉनमधल्या आजारी आयांची 47 मुलं शोधली, जन्मल्यावर काही दिवसांतच आईपासून दूर गेलेली, दुसरीकडे वाढलेली. त्यातल्या 5 जणांना स्किझोफ्रेनिया झाला, तुलनेसाठी घेतलेल्या 50 पैकी एकालाही नाही. त्याआधी 1948 पासून एक भयंकर कल्पना मूळ धरून होती की आईच्या थंड, विचित्र वागण्यामुळे मुलाला हा आजार होतो, तिला या अभ्यासानं मोठा हादरा दिला, आणि त्या काळात किती आयांनी हा ठपका उराशी बाळगून दिवस काढले असतील याचं मला खरंच वाईट वाटतं. पण ती मुलं नऊ महिने आजारी आईच्याच पोटात होती ना, मग वंश की गर्भकाळ? म्हणून डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या रुग्णांची अशी सावत्र भावंडं तपासली ज्यांचा बाप एक आणि आया वेगळ्या, पोट वेगळं घरही वेगळं, आणि त्यांच्यातही प्रमाण जास्तच निघालं. वंशाचा वाटा असा सिद्ध झाला.

मग आजार जन्मजात म्हणायचा का? नाही. फाटलेला ओठ जन्मजात, हृदयाला भोक जन्मजात. स्किझोफ्रेनिया बहुतेकांना विशीच्या आसपास सुरू होतो, बायकांमध्ये थोडा उशिरा. जन्माला येताना आजार येत नाही, त्याची जोखीम येते, आणि पुढे आणखी कायकाय घडतं (कोवळ्या वयातला गांजा हे त्यातलं एक) त्यावर बरंच ठरतं.

जोखीम हा शब्द डॉक्टरांनी वापरलाय तो मला फार आवडला. जुन्या लोकांच्या तोंडी "अंगावर जोखीम आहे" म्हणजे अंगावर दागिने, जवळ रोकड आहे. एसटीत जोखीम घेऊन बसलेल्या प्रत्येक बाईची चोरी होत नाही, पण काळजी घ्यावी लागते. रिस्क फॅक्टरला हाच शब्द हवा. पेपरवाले "कारणीभूत घटक" लिहितात ते मात्र टाळा, कारण कारणीभूत म्हटलं की लगेच दोषी शोधायला सुरुवात होते आणि बोट वळतं ते आईकडे, "गरोदरपणात हिनंच नीट खाल्लं नसेल". तुमच्या आईला कोणी असं म्हणालं तर स्पष्ट सांगा की एका माणसाच्या बाबतीत कुठल्या घटकानं काय केलं हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही.

तर मुलाकडच्यांना सांगायचं वाक्य साधारण असं: "दादाचा आजार जन्मजात नाही, तरुणपणी सुरू झाला. या आजाराची जोखीम काही अंशी वंशातून येते, काही अंशी पोटात असताना आणि नंतरच्या गोष्टींतून. बहिणीला तो होण्याची शक्यता दहातल्या एकाहूनही कमी आणि तिच्या मुलांना त्याहून कमी." नुसतं "नाही" सांगून मोकळं होऊ नका, लपवलेलं नंतर बाहेर आलं की सगळ्यांनाच त्रास होतो. आणि त्यांना शंका असतील तर दोन्ही घरच्यांनी मिळून दादाच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या, याला जनुकीय समुपदेशन असा शब्द आहे, डॉक्टर स्वतः बोलतील नाहीतर योग्य माणसाकडे पाठवतील.